पाच जोड्यांचा रोबोट

त्या रोबोटांचे खरे रंग आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हते. पंचायतीच्या खोलीतला टीव्ही काळा-पांढरा होता. वारा सुटला की गच्चीवरचा अँटेना फिरायचा आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या यायच्या. मग कुणीतरी वर चढून अँटेना धरून उभा राहायचा आणि खालून बाकीचे त्याला ‘आलं, आलं, गेलं’ असं सांगत राहायचे. दर रविवारी सकाळी ती मालिका लागे. बोलणं हिंदीत असे, पण आमच्या कर्नाटकाच्या सीमेवरच्या गावातल्या पोरांना बाजारातली दखनी उर्दू कानावर पडून हिंदी कळायची. पाच रोबोट होते. एकाचं विमान व्हायचं, एकाची रेल्वे, एकाचा ट्रक, एकाची क्रेन, आणि पाचव्याचं जमीन खोदणारं मोठं यंत्र. त्यांचा शत्रू लाखो वर्षं जमिनीखाली झोपून आता जागा झालेला होता. त्याचा हात तोडला की तोडलेल्या तुकड्यालाच दोन हात फुटत. मालिकेत त्याला काहीतरी भारदस्त नाव होतं, पण आमच्या गल्लीतली पोरं त्याला ‘जुनाट’ म्हणायची.

माझा धाकटा भाऊ मल्लू तेव्हा नऊ वर्षांचा. तो विमान. शेजारच्या शिवप्पामामांचा बसू त्याच्यापेक्षा वर्षानं मोठा, तो खोदणारा. गल्लीतल्या आणखी तीन घरांची तीन पोरं रेल्वे, ट्रक आणि क्रेन वाटून घेऊन बसली होती. डालड्याचे रिकामे डबे हाताला, खताची पोती कापून छातीला आणि सायकलची जुनी चेन कमरेला. रंगांवरून रोज भांडण. बसूचं म्हणणं खोदणारा पिवळा, मल्लूचं म्हणणं पिवळं विमान असतं. मालिकेत पाच जण एकमेकांना जोडून एक महाकाय रोबोट करायचे, म्हणजे करायचा प्रयत्न करायचे. कित्येक रविवार ते जमलंच नाही, कारण प्रत्येकाला डोकं व्हायचं होतं आणि पाय व्हायला कुणी तयार नव्हतं. आमच्या अंगणातही तेच. दोघं खाली, दोघं त्यांच्या खांद्यावर आणि वर एक, असा मनोरा चढायचा आणि ‘पाय मी कामून?’ या प्रश्नावर कोसळायचा. मल्लूच्या कोपराला त्या वर्षी कायम खपली असे.

मी त्या खोलीच्या दारात उभी राहून बघत असे. आत जाऊन पोरांच्यात बसायची लाज वाटायची, कारण मी कॉलेजात जात होते. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेलं माझ्या आधी कुणी नव्हतं. मी पहिलीच. कमलनगरच्या कॉलेजात मी अकरावीला गेले तेव्हा अव्वानं, म्हणजे आईनं, नवीन चपला घेऊन दिल्या आणि अप्पांनी जीपवाल्याला माझ्यासमोर बजावून सांगितलं की पोरीला पुढं बसवायचं, टपावर माणसं कितीही असू देत. मराठी शाळेतून आलेली मी. तिथं शिकवणं कन्नड आणि इंग्रजीत. पहिले दोन-तीन महिने मी काहीच न कळता नुसती मान हलवत होते. प्रश्न विचारावा असं रोज वाटे आणि रोज राहून जाई. तोंड उघडायचं आणि आवाज बाहेर यायच्या आत मिटायचं, ही सवय मला तिथंच लागली की आधीपासूनच होती, हे आता सांगता येणार नाही.

संध्याकाळी जीप गावाच्या चिंचेखाली थांबे. तिथं निर्मला उभी असे. ती बसूची थोरली बहीण आणि माझी वर्गमैत्रीण, सातवीपर्यंत. पुढची शाळा लांब होती, घरात काम होतं, आणि तिच्या जाण्या-न जाण्याचा फारसा विचार कुणी केला नाही. डोक्यावर गवताचा भारा असेल तर तो न उतरवताच ती विचारायची, “काय शिकलीस गं आज?” हा प्रश्न ती दुसऱ्या कुठल्याच बोलण्याच्या आधी विचारायची. मग चिंचेपासून आमच्या घरापर्यंत मी तिला सांगत जायची. पानं कशी श्वास घेतात, पाणी झाडात वर कसं चढतं. मला जे कळलं नसेल ते तिला सांगता येत नसे, म्हणून मी वर्गात लक्ष देऊ लागले. खरं तर माझा अभ्यास झाला तो तिच्या त्या प्रश्नामुळं. ती ऐकलेलं विसरत नसे. एकदा अव्वा पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी निवडत बसली होती तर ही तिला त्या पानाच्या शिरा दाखवून पाण्याची वाट समजावत होती. अव्वा म्हणाली, “कॉलेजात एकीला घातलं आन् शिकायल्यात दोघी.”

आमचं घर म्हणजे दोन खोल्या, पुढं अंगण आणि अंगणाच्या कडेला बैलांचं छप्पर. पहाटे अव्वाच्या भाकरी थापण्याचा आवाज आणि बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज एकमेकांत मिसळून येई, आणि पांघरुणात मला कुठला कुठला ते ओळखायचा नाद होता. अप्पा बैलांशी कन्नडमध्ये बोलत, आमच्याशी मराठीत, आणि चिडले की दखनीत. त्यांनी घरात कन्नड सुरू केलं की समजायचं, मनात रानाचा विचार चालू आहे. शिवप्पामामांच्या घराची आणि आमच्या घराची भिंत एकच. त्यांच्याकडं शेंगाची चटणी कुटायला घेतली की आमच्या फळीवरचे डबे हलायचे. मामा मूळचे मेंढपाळांच्या घरातले. त्यांच्या आजाकडं दोनशे मेंढरं होती म्हणे. वडिलांनी ती विकून सहा एकर काळी घेतली. मेंढरं गेली, खांद्यावरची घोंगडी राहिली. मामा ती उन्हाळ्यातही घ्यायचे.

त्या सहा एकरांपैकी चार एकर कुंद्यानं खाल्ले होते. ज्यांनी काळी जमीन कसली नाही त्यांना कुंदा म्हणजे एक गवत वाटेल. वरून ते तसंच दिसतं. पण जमिनीखाली त्याच्या काशा, म्हणजे बोटाएवढ्या गाठीगाठींची पांढरी खोडं, माणूस उभा पुरता येईल इतक्या खोल जातात. वरचं कापलं की खालचं जास्त जोमानं येतं. मामा म्हणायचे की आजाच्या वेळेला मेंढरं कोवळा कुंदा खाऊन टाकायची, त्यामुळं तो दबून होता. ज्वारी पेरावी तर ज्वारीच्या आधी तो वर. त्या वर्षी हैदराबादेत इमारती फार बांधल्या जात होत्या. आमच्या भागातली माणसं एकेका मेस्त्रीच्या मागं निघाली होती. मामांच्या मेव्हण्यानं निरोप धाडला की जोडीनं या, काम आहे, राहायला पत्र्याची खोली आहे. अव्वानं ही बातमी भाकरी उलटता उलटता सांगितली आणि माझा घास हातातच राहिला.

निर्मलाला विचारलं तर ती म्हणाली, “अप्पाचं मन उठलंय. कुंदा काय माणूस हाय का, बसवून समजूत घालायला.” मग म्हणाली, “रान नीट झालं तर न्हाई जायाचे.”

हे बसूनं ऐकलं आणि पाचही जणांना सांगितलं. जुनाट म्हणजे कोण हे त्यांना लगेच कळलं. जमिनीखाली राहतो, कुणाच्या आजानंही त्याला मेलेला पाहिला नाही, आणि तोडलं की वाढतो. उन्हाळ्याची सुट्टी लागलेली होती. दुसऱ्या दिवशी डबे, पोती, चेनी अंगावर चढवून ते कुदळी-खुरपी घेऊन मामांच्या रानात गेले. पाच जण पाच कोपऱ्यांना. कुणाचं आधी होतं याची पैज. दुपारपर्यंत पाच ठिकाणी गुडघाभर खड्डे, हाताला फोड, आणि रान होतं तसंच. रेल्वे रडत घरी गेली.

त्यांना ओळीत आणलं ते निर्मलानं. ती म्हणाली, पाच कोपरे काय करायलाव, एक चौक धरा. एकानं कुदळीनं ढेकूळ फोडायचं, दुसऱ्यानं उलटायचं, तिसऱ्यानं काशा ओढायच्या, चौथ्यानं माती झटकायची, पाचव्यानं पाटीत भरून बांधावर टाकायच्या. दमला की जागा बदलायची. मी आणि ती मागून राहिलेले तुकडे वेचायचो. काशा तुटताना बारीक आवाज यायचा, काकडी मोडल्यासारखा. चार दिवसांनी पोरांनी भांडायचं सोडून दिलं, कारण बोलायला दमच उरत नव्हता. मामा बांधावर घोंगडी डोक्यावर घेऊन उभे राहत आणि निघून जात. आठव्या दिवशी ते आपली कुदळ घेऊन आले. वीस दिवसांत दहा गुंठे तरी झाले असतील. चार एकरांत ते काय, पण त्या तुकड्यात एक पांढरा धागा उरला नव्हता. मामांनी तिथली माती हातात घेऊन चुरगाळली आणि निर्मलाला म्हणाले की दिवाळीपर्यंत बघू. त्या रात्री तिच्या घरी शेंगाची पोळी झाली आणि एक आमच्याकडं आली.

इथं मला थांबावंसं वाटतं. लिहिताना दोनदा उठून पाणी पिऊन आले.

बांधावर काशांचा ढीग झाला होता, घरातल्या चुलखोलीएवढा. मामा चार दिवस आळंदकडच्या पाहुण्यांकडं लग्नाला जाणार होते. जाताना सांगून गेले की वाळल्या की पेटवून द्या. मी त्याच हिवाळ्यात कॉलेजच्या शिबिरात आठ दिवस राहून आले होते. तिथं कंपोस्टचा खड्डा कसा भरायचा ते शिकवलं होतं, आणि मला ते सगळं कळलं होतं, जे क्वचितच घडे. त्यामुळं त्याचं मला फार वाटत होतं. मी निर्मलाला म्हटलं की एवढा पाला जाळून राख कशाला करायची. उकिरड्यात घालू, वर शेण, वर पाणी, खत होईल. ती जराशी घुटमळली. म्हणाली, “जगणार न्हाईत नव्हं?”

“कुजतात,” मी म्हटलं. “सगळं कुजतं.”

मला आठवतं, ते वाक्य मी कॉलेजातल्या आवाजात बोलले होते. वर्गात जो आवाज कधी निघाला नाही तो तिच्यासमोर निघाला. तिनं परत एकदा विचारलं, मी परत तेच सांगितलं. मग पाच रोबोटांनी दोन दिवस पाट्या वाहून तो ढीग मामांच्या घरच्या उकिरड्यात घातला. आम्ही दोघींनी शेणाचा थर दिला आणि रोज पाणी मारलं. मेलेल्याला जिवंत ठेवायला जे जे लागतं ते सगळं आम्ही त्याला दिलं.

रोहिणी नक्षत्र निघायच्या आधी आमच्याकडं उकिरडे उपसतात. मामांनी गाडीनं खत नेऊन आपल्या दोन एकरांत पसरलं. कुंदा नसलेल्या त्या दोन एकरांत. दरवर्षी ते खत तिथंच जायचं, कारण पीक तिथंच यायचं. पाऊस झाला, मूग पेरला. तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी मी जीपमधून उतरले तर निर्मला चिंचेखाली होती, पण तिनं काही विचारलं नाही. मूठ पुढं करून उघडली. तीत हिरव्या पात्या होत्या, आणि पात्यांच्या खाली वीतभर पांढरी काशी.

“साऱ्या रानात हाय,” ती म्हणाली.

मामांच्या अंगणात अप्पा होते, अव्वा होती, गल्लीतली दोन-चार माणसं होती. मामा उकिरड्याच्या खड्ड्याकडं बघत विचारत होते की काशा ह्यात टाकायची अक्कल कुणाची. मी भिंतीला टेकून उभी होते. निर्मलानं पदर दातात धरला होता, तो सोडून ती म्हणाली की मी टाकल्या, जाळत बसायचा कंटाळा आला. मामांनी तिच्यावर कधी आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता, तो त्या दिवशी ऐकला. अप्पा म्हणाले, जाऊ दे शिवप्पा, पोरीला काय कळतंय. मी तोंड उघडलं होतं, हे मला नक्की आठवतं. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मान इतकी बारीक हलवली की दुसऱ्या कुणाला दिसली नसेल. ती नको म्हणाली म्हणून मी गप्प बसले असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मी गप्पच बसणार होते, तिनं मला त्याला कारण दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जीप पकडली. शिबिराची वही काढून पाहिली. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं की तणांचे बी आणि जिवंत मुळ्या खड्ड्यात घालू नयेत. खाली रेघही मारली होती.

दिवाळी झाल्यावर ते गेले. दोन बोचकी, एक ट्रंक, मामांची घोंगडी. बैल आमच्या दावणीला बांधून मामांनी अप्पांना त्यांच्या खोडी सांगितल्या: डावा पाण्याला भितो, उजव्याला पाठीवर माशी चालत नाही. बसूनं आपला डालड्याचा हात मल्लूकडं ठेवायला दिला. निर्मला जीपमध्ये मागं बसली होती. मी जवळ गेले तर म्हणाली, “नीट शीक.” एवढंच. त्यानंतर संध्याकाळी जीपमधून उतरल्यावर चिंचेखाली कुणी नसायचं आणि तिथून घरापर्यंतची वाट मला एकदम लांब वाटू लागली. दिवसभर शिकलेलं घेऊन मी घरी यायची आणि ते कुठं ठेवावं ते कळायचं नाही. अव्वानं एकदा नकळत पलीकडं हाक मारली, “निर्मे, ताक घेऊन जा गं.” मग तशीच चुलीपुढं बसून राहिली.

पंचायतीच्या टीव्हीत त्या हिवाळ्यात पाच रोबोटांना एकदाचं जोडता आलं. ट्रक आणि रेल्वे पाय झाले. चालायला पायच लागतात, हे त्यांना इतक्या रविवारांनंतर समजलं. मल्लूनं ते पाहिलं आणि घरी येऊन जेवला नाही. म्हणाला, आमचे चारच हाईत. मग त्या चार पोरांनी जे केलं ते मोठ्यांना सुचलं नव्हतं. त्यांनी आपापल्या घरात बापाच्या मागं लकडा लावला की मामांच्या रानाला मोठा नांगर धरा. मारुतीच्या देवळामागं बाभळीचा एक जुना नांगर पडलेला होता. त्याला पाच जोड्या लागतात, दहा बैल. अप्पा लहान असताना तो शेवटचा धरला होता. कुंद्याला तेवढाच उपाय. ट्रॅक्टरचा फाळ काशा नुसता तोडतो, उपटत नाही. पूर्वी आमच्याकडं याला सावड म्हणत, एकाच्या रानाला साऱ्यांची औतं. पण एव्हाना जो तो आपल्यापुरता झाला होता, दोघांनी तर बैल विकायचं ठरवलंही होतं. एक महिना पोरांनी कुणाला स्वस्थ बसू दिलं नाही. चार घरांच्या चार जोड्या, आणि पाचवी मामांची, आमच्याच दावणीची. मी मामांना पत्र लिहिलं की नांगर धरायचं ठरलंय, तुम्ही या. त्या पत्रात उकिरड्याबद्दलचं आणखी एक पान होतं. ते मी टाकायच्या आधी काढून घेतलं.

उन्हाळ्यात मामा आले, बसू आला. निर्मला आली नाही. साइटवर पाणी मारायचं काम सोडता येत नव्हतं.

दहा बैल एका ओळीत जुंपलेले मी तेव्हा पाहिले, त्यानंतर कधी नाही. जोडीमागं जोडी, पाच जुवं एका साखळीला, मागं नांगर आणि नांगरावर अप्पा आणि मामा. जुवावर पोरं बसवतात, बैल हाकायला. प्रत्येक पोर आपापल्या जोडीच्या जुवावर. पाचही जण बसले. बसूला त्याचा हात परत मिळाला होता. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत काही म्हणता काही झालं नाही. बैल एकमेकांना ओळखत नव्हते. पुढची जोडी ओढायची तेव्हा मागची उभी, मागची निघेपर्यंत पुढची थकलेली. साखळी दोनदा तुटली. क्रेनचा बैल खाली बसला तो उठेना. बांधावरची माणसं म्हणायला लागली की पोरांच्या नादानं म्हाताऱ्या नांगराची हाडं मोडताहेत.

दुपारी बसू मल्लूला म्हणाला, “टीव्हीत कसं झालं? एकदम बोलले नव्हं?” त्यानं तो भाग हैदराबादेत कुणाच्या तरी खिडकीतून पाहिला होता. पाचही जण एकाच वेळी एकच शब्द बोलले तेव्हाच ते जोडले गेले होते. इथं शब्द कुठला? अप्पा बैलांना निघताना जी लांब कन्नड हाक घालायचे तीच ठरली. ऊन उतरल्यावर पाच पोरांनी पाच जुवांवरून ती हाक एका श्वासात घातली आणि दहा बैल एकदम वाकले. नांगर जमिनीत शिरला. काशा तुटायचा तो काकडीचा आवाज नव्हता. धान्यानं भरलेलं पोतं फाडावं तसा आवाज आला, आणि बसलेल्या मेंढरांएवढी ढेकळं दोन्ही बाजूंना उलटत गेली. मामा नांगरावर पाय देऊन उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते पुसायला त्यांचा हात मोकळा नव्हता.

सहा दिवस लागले. बाया आंबील घेऊन यायच्या आणि काशा वेचायच्या. वेचलेल्या काशा उन्हात करकरीत वाळवून बांधावरच जाळल्या. शेवटची काडी राख होईपर्यंत मी तिथून हलले नाही. पाचव्या दिवशी मी पोरांना भाकरी वाढत होते तेव्हा बसू तोंडात घास ठेवूनच म्हणाला, “व्हय, इसरलोच. अक्कानं इचारलंय.”

“काय?”

“काय शिकलीस म्हणून.”

मी भाकरीची टोपली खाली ठेवली आणि तशीच मामांकडं गेले. ते बैलांना पाणी दाखवत होते. काशा उकिरड्यात टाकायला मी सांगितलं होतं, निर्मलानं नाही, हे एवढं वाक्य बोलायला मला वर्ष लागलं होतं. बोलताना आवाज चिरकला, पण आला.

मामा डाव्या बैलाच्या पाठीवर हात फिरवत राहिले. “मला ठावं होतं,” ते म्हणाले. “ती खोटं बोलाय लागली की पदर चावतीया.”

“मग तुम्ही बोलला का नाही?”

“काय बोलू? नांगराला पाच जोड्या लागत्यात पोरी. शिव्या खायाला एक माणूस पुरे हाय. तिनं घेतल्या अंगावर, मी दिल्या.” मग बैल पाणी प्यायला लागल्यावर म्हणाले, “तिला कळव मातर. माझ्यापशी बोललीस त्ये.”

मला वाटत होतं की रान स्वच्छ झालं म्हणजे ते परत येणार. साऱ्यांनाच तसं वाटत होतं, कदाचित मामांनाही. सातव्या दिवशी सकाळी ते एकटेच रानातून फिरून आले, पायाला काळी माती होती. अप्पांना म्हणाले की यंदा तूच पेर. बसूला तिकडं शाळेत घातलंय. एक-दोन वर्षं बघतो. अप्पा त्यांच्याशी कन्नडमध्ये काहीतरी बोलले, जे ते फक्त बैलांशी बोलत, आणि मामांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. बसूला पुढच्या रविवारपर्यंत थांबायचं होतं, मालिकेचा शेवटचा भाग होता. थांबता आलं नाही.

तो भाग मी आत जाऊन पाहिला. लाज वाटली नाही. महाकाय रोबोटानं जुनाटला जमिनीतून मुळासकट ओढून काढलं आणि सूर्याच्या उजेडात धरलं. त्याची राख झाली. पोरं टाळ्या वाजवत होती. मग तो मोठा रोबोट डोंगरावर उभा राहिला, आणि एक एक करून पाचही जण सुटे झाले. विमान वर गेलं, रेल्वे रुळावरून, ट्रक रस्त्यानं. पाच दिशांना पाच. संगीत वाजलं, अक्षरं आली. मल्लूनं माझ्याकडं वळून विचारलं, “अक्का, जिंकले नव्हं? मग सुटे कामून झाले?”

मी शिकलेली होते, म्हणून त्यानं मला विचारलं.

त्यानंतरच्या गोष्टी भराभर झाल्या, किंवा आता तशा वाटतात. चार घरांपैकी दोघांनी पुढच्याच बाजारात बैल विकले. मामांचे बैल म्हातारे होऊन आमच्या दावणीलाच मेले. देवळामागचा नांगर कुणी कधी नेला ते कळलं नाही. पाचही पोरं आज पाच गावांना आहेत, मल्लू पुण्याला. मी शाळेत विज्ञान शिकवायला लागले. पुस्तकात भूमिगत खोडाच्या धड्याला आल्याचं आणि हळदीचं चित्र असतं. मी फळ्यावर कुंदा काढते, गाठी-गाठींसकट, आणि पोरांना सांगते की हे पुरलं तर जगतं.

निर्मलाला पत्रं लिहिली, दोन-चार उत्तरं आली, तिला कामातून सवड नसे म्हणून बसूच्या अक्षरात. मग पत्ता बदलला. नोकरी लागल्यावर कितीतरी वर्षांनी शाळेच्या कामासाठी हैदराबादला गेले तेव्हा मल्लूनं कुठून तरी बसूचा नंबर मिळवून दिला. बसू आता खोदायचं मशीन चालवतो. खरंच पिवळं आहे, हे त्यानं फोनवर आधी सांगितलं आणि मल्लूला कळवायला सांगितलं. त्यानं दिलेल्या पत्त्यावर शहराच्या कडेला एका इमारतीच्या तळाच्या खोलीत निर्मला राहत होती. दारात तुळस, आत दोन मुलांची दप्तरं. तिच्या केसांत माझ्याइतकाच पांढरा रंग आला होता. तिनं मला पाहिलं, हातातली बादली खाली ठेवली नाही.

“काय शिकलीस गं?” ती म्हणाली.

मला वाटलं होतं मी पुष्कळ बोलेन. गाडीत बसून सगळं जुळवलं होतं. मी म्हटलं, “कुंदा पुरला की जगतो.”

ती हसली. “एवढं तर अप्पाला कॉलेजाबिगर ठावं होतं.” मग बादली ठेवून माझा हात धरून आत नेलं. त्या दिवशी बोलू दिलं नाहीस ते का, हे मी तिला तेव्हा विचारलं. चहात साखर घालता घालता ती म्हणाली, “तू बोलली असतीस तर तुझ्या अप्पानं तुझं कॉलेज बंद केलं असतं. मग मला रोज कुणी सांगितलं असतं?”

आपण तर चार महिन्यांनी निघूनच गेलो, हे ती म्हणाली नाही आणि मीही म्हटलं नाही. अंगणात खोटं बोलली तेव्हा ते तिला ठाऊक नव्हतं. तिनं शेंगाची चटणी आणि भाकरी वाढली. भाकरी गॅसवरची होती, चटणी मिक्सरमधली, चव मात्र भिंतीपलीकडची. तासाभरानं तिची कामाला जायची वेळ झाली. ती मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. बसथांब्यावर एक झाड होतं, कसलं ते पाहायचं राहून गेलं. माझी बस आधी आली. खिडकीतून पाहिलं तर ती दुसऱ्या बाजूला चालत निघाली होती, पटापट, उशीर झाल्यासारखी, आणि मला तिला अजून कितीतरी सांगायचं होतं, त्या साऱ्या वर्षांत शिकलेलं.